पत्ते मोजणाऱ्यांचा हिशेब

मेंढीकोट खेळताना कोणती दश्शी निघून गेली आणि कोणती अजून बाहेर आहे, हे ज्याच्या लक्षात राहतं त्याचं पारडं जड. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणं म्हणजे याच सवयीचं गणित. फरक इतकाच, की आपल्या ओसरीवर याला हुशारी म्हणतात आणि कॅसिनोत यासाठी बाहेरचा रस्ता दाखवतात.

खेळ साधा आहे. तुम्ही विरुद्ध डीलर. बेरीज 21 च्या जितकी जवळ तितकं चांगलं, वर गेली की बाद. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नसते. 17 होईपर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं. पण आधी खेळता तुम्ही, म्हणून आधी बादही तुम्हीच होता. कॅसिनोची कमाई यातूनच होते.

1956 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून एक शोधनिबंध छापला. कधी पान घ्यायचं, कधी थांबायचं, हे नीट पाळलं तर कॅसिनोचा फायदा एक टक्क्याच्याही खाली येतो, असं त्यात दाखवलं होतं. मात्र प्रत्येक डाव ताज्या कॅटमधून वाटला जातो, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

एमआयटीत शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. गेलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. मग उरलेला कॅट प्रत्येक डावागणिक बदलतो, आणि कधीतरी तो खेळाडूच्या बाजूनेही झुकत असणार! त्यांनी आयबीएम 704 या संगणकावर हिशेब केला. चारही पंज्या निघून गेल्या, तर खेळाडूला तीन टक्क्यांहून जास्त फायदा होतो, असं उत्तर आलं. लहान पानं डीलरला वाचवतात. दश्श्या, चित्रं आणि एक्के उरले की तो बाद होण्याची शक्यता वाढते. शिवाय पहिल्या दोन पानांत 21 झाले, तर खेळाडूला दीडपट मिळतात.

म्हणून पहिली पद्धत होती पंज्या मोजण्याची. सोपी, पण चारही पंज्या लवकर जाणं दुर्मीळ. संधी क्वचितच यायची. पुढची पद्धत दहा किमतीच्या पानांची: सुरुवातीला इतर पानं 36 आणि दहाची 16. दोन्ही आकडे उतरत्या क्रमाने लक्षात ठेवायचे, भागाकार करायचा, आणि तो दोनच्या खाली गेला की जास्त पैसे लावायचे. अचूक, पण गोंगाटात हे करणं म्हणजे डोक्याला ताप.

किती लावायचे, याचं उत्तर थॉर्प यांनी बेल लॅब्जच्या जॉन केली यांच्या 1956 च्या सूत्रातून घेतलं: जितका फायदा, त्या प्रमाणात भांडवलाचा हिस्सा. दहा हजार डॉलर हातात आणि फायदा एक टक्का असेल, तर एका डावावर शंभराच्या आतच. दोन जुगाऱ्यांनी दिलेले दहा हजार घेऊन ते नेव्हाडात गेले आणि रक्कम दुपटीहून जास्त करून परतले. 1962 मध्ये त्यांचं ‘बीट द डीलर’ आलं.

1963 मध्ये हार्वी डबनर यांनी ‘हाय-लो’ मांडली. दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, चित्रं, एक्का उणे एक. डोक्यात एकच आकडा. तो उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचा: अधिक सहा आणि तीन कॅट शिल्लक, म्हणजे दोन. त्यावरून पैसे लावायचे.

पुढे अधिक अचूक पद्धतींची चढाओढ लागली. मग 1979 मध्ये पीटर ग्रिफिन या गणितज्ञाच्या पुस्तकाने दोन वेगळ्या फूटपट्ट्या समोर ठेवल्या. पैसे किती लावावेत हे पद्धत किती बरोबर सांगते, ही एक. पान घ्यावं की थांबावं हे किती बरोबर सांगते, ही दुसरी. पहिल्या पट्टीवर हाय-लोला 0.97, दुसरीवर 0.51. एक्क्याला शून्य धरणाऱ्या ‘हाय-ऑप्ट वन’ला अनुक्रमे 0.88 आणि 0.61. गोम एक्क्यात आहे. पैसे लावताना एक्का सोन्यासारखा, कारण त्याच्याशिवाय दोन पानांत 21 होत नाहीत. पण हात खेळताना तो बऱ्याचदा लहान पानासारखा वागतो. एकच आकडा दोन्ही कामं पूर्णपणे करू शकत नाही.

मग जिंकलं कोण? निकाल कॅसिनोंनीच लावला. 1964 मध्ये लास व्हेगासने नियम कडक केले. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून काही आठवड्यांत ते मागे घेतले. त्यानंतर चार, सहा, आठ कॅट एकत्र वाटणं रूढ झालं. इतक्या पानांत हात वेगळा खेळून फारसं मिळत नाही. खरी कमाई पैसे कमी-जास्त लावण्यात राहते. म्हणजे पहिली पट्टी महत्त्वाची ठरली आणि साधी हाय-लो टिकली. 1998 च्या ‘नॉक-आउट’ने तर सत्तीलाही अधिक एक देऊन भागाकारच काढून टाकला. थकलेल्या माणसाला बिनचूक जमणारी पद्धत ही अवघड आणि चुकत जाणाऱ्या पद्धतीपेक्षा बरी.

पण लावलेले पैसे हीच मोजणाऱ्याची ओळखखूणही होती. म्हणून 1970 च्या दशकात अल फ्रान्सेस्को यांनी टोळी उभी केली: मोजणारे किमान पैसे लावत बसायचे, आकडा वाढला की खुणेने बडा खेळाडू येऊन मोठी रक्कम लावायचा. त्याच टोळीतल्या केन अस्टन यांनी पुढे न्यू जर्सीत खटला लढवला. केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनो त्यांना हाकलू शकत नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिला.

एवढं करून हाती काय? साधारण एक टक्का फायदा, तोही हजारो डावांनंतर दिसणारा. अचूक मोजणारासुद्धा कित्येक रात्री हरून उठतो आणि बहुतेक डावांत सर्वांत कमी पैसे लावतो. फोनवरच्या संगणकी ब्लॅकजॅकमध्ये तर सहसा प्रत्येक डावाआधी कॅट नव्याने पिसला जातो. गेलेल्या पानाला तिथे काही अर्थच उरत नाही. त्यामुळे अशा खेळासाठी कुणी ‘मोजायची युक्ती’ विकायला आला, तर तो थॉर्पच्याही आधीच्या, 1956 च्या गृहीतकात परत गेलेला खेळ विकतो आहे.