तालीम : आखाड्यातली आणि मनातली

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'तालीम' शब्द आला की वर्गात हमखास गोंधळ उडतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आखाडा, लाल माती, जोर-बैठका. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीने तो मातीत उतरवला आणि मला ते पटतं. शरीर कमावणं हेही शिकणंच आहे.

पण शरीर कमावलं की मनही कणखर होतं का? यावर मी आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळची हकिगत सांगतो.

चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. कमी पावसाचा, टंचाईचा मुलूख. विहिरी खोदण्याच्या कामाने अंग काटक झालं. वडील गेल्यावर घराचा भार त्याच्यावर आला. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्यात त्याची उंची पाहून हाती वल्हं आलं. पाण्यासाठी खडक फोडणाऱ्या या जवानाला पाण्याचीच भीती वाटत होती! दंडात बळ होतं, पण नावेत बसल्यावर लागणारा धीर त्या बळातून आपोआप आला नाही. तो सरावाने आला.

2016 मध्ये ऑलिंपिकची तयारी चालू असताना आईला अपघात झाला, डोक्याला गंभीर दुखापत झाली. तशातही तो पात्र ठरला आणि रिओला एकेरी नौकानयनात तेरावा आला.

2018 च्या आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेमबांगला, अंगात आजारपण होतं. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो शेवटचा आला, नंतर स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक जिंकलं.

कमावलेलं शरीरही थकतं. अशा वेळी मन त्याला पुन्हा उभं करतं. पण त्या मनालाही सोबत लागते, त्या नावेत तीन वल्हेकरी आणखी होते.

पूर्वी नापास झालेल्या मुलाला मी 'हिंमत ठेव' एवढंच सांगून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, नीट जेवतोस का? झोप होते का? आणि तुझ्यासोबत कोण आहे? हिंमतीचं त्यानंतर बोलतो.