‘आलायारन’ : बोडो भाषेतला पहिला चित्रपट

आसामात ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर, कोक्राझार आणि आसपासच्या जिल्ह्यांत बोडो भाषा बोलली जाते. 2011 च्या जनगणनेनुसार ती बोलणारे साधारण 14.8 लाख. एवढ्याशा भाषेत सिनेमा काढायचा म्हणजे धंद्याचं गणित जुळणं कठीणच. तरीही 1980 च्या दशकाच्या मध्यावर तो निघाला. ‘आलायारन’, म्हणजे पहाट. दिग्दर्शक जंगदाव बोडोसा. बोडोतला हा पहिला कथापट मानला जातो.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत बोडोतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं रजत कमळ मिळालं. तेव्हा बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं.

आसामी भाषेचा पहिला चित्रपट ‘जयमती’ 1935 चा. म्हणजे एकाच राज्यात शेजारच्या भाषेला तब्बल पन्नास वर्षं थांबावं लागलं.

भाषेची लढाई

1952 साली बोडो साहित्य सभा स्थापन झाली. 1963 पासून प्राथमिक शाळांत बोडो माध्यम आलं. मग लिपीचा वाद पेटला. 1974-75 मध्ये रोमन लिपीसाठी आंदोलन झालं, त्यात माणसं दगावली. शेवटी तोडगा निघाला तो देवनागरीचा. त्यामुळे आज बोडो पुस्तक हातात घेतलं तर आपल्याला अर्थ कळणार नाही, पण अक्षरं वाचता येतील!

चित्रपटानंतर थोड्याच काळात, 1987 मध्ये, उपेंद्रनाथ ब्रह्म यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र बोडोलँडची चळवळ सुरू झाली. 2003 साली बोडोलँड प्रादेशिक परिषद आली आणि त्याच वर्षीच्या 92 व्या घटनादुरुस्तीने डोगरी, मैथिली, संथाळीबरोबर बोडोही आठव्या अनुसूचीत गेली. 2020 मध्ये आसामने तिला सहराजभाषेचा दर्जा दिला.

पुढचा टप्पा

बोडोसा यांच्याच ‘हाग्रामायाव जिनाहारी’ला 1995 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण रक्षणावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. हा पुरस्कार भाषेच्या गटातला नव्हे, तर देशभरातल्या चित्रपटांशी स्पर्धा करून मिळालेला.

गोव्याच्या वाचकांना हा क्रम ओळखीचा वाटेल. कोकणीतला पहिला चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ 1950 चा, अनुसूचीत स्थान मात्र 1992 ला. दोन्हीकडे सरकारी शिक्का नंतर आला, पडद्यावर भाषा आधी बोलली.