श्वानशिक्षण : प्रयोग आधीं कीं शास्त्र?

कुत्र्याला मारहाणीवांचून शिकविण्याची पद्धति ही बी. एफ्. स्किनर यांच्या मानसशास्त्राची देणगी होय, असें अलीकडे पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. कालक्रम ताडून पाहतां हें मत टिकत नाहीं.

न्यूयॉर्कच्या 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकांत एस्. टी. हॅमंड हे गृहस्थ इ. स. १८८० नंतरच्या दशकांत शिकारी कुत्र्यांविषयीं लिहीत असत. कुत्रा तयार करण्याच्या धंद्याला त्या काळीं इंग्रजींत 'मोडणें' याच अर्थाचा शब्द होता, आणि चाबूक हें त्याचें मुख्य साधन. हॅमंड यांनीं आपल्या पुस्तकाच्या नांवांतच 'मोडणें' विरुद्ध 'शिकविणें' असा वाद उभा केला. काम बरोबर झालें कीं शाबासकी व मांसाचा तुकडा द्यावा, हें त्यांचें सांगणें. एडवर्ड थॉर्नडाइक यांचे पेटींत कोंडलेल्या मांजरांवरील व कुत्र्यांवरील प्रयोग १८९८ सालचे. सुखद फळ देणारी कृति दृढ होते हा 'परिणामाचा नियम' त्यांनीं १९११ च्या ग्रंथांत सांगितला. लक्ष्य आधीं, लक्षण मागाहून. पाणिनीच्या पूर्वींहि लोक बोलतच होते.

परंतु शास्त्र कळलें म्हणजे दया येतेच असें नव्हे. जर्मनीचे पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचा ग्रंथ १९१० चा. फळ कृतीच्या पाठोपाठच मिळालें पाहिजे, हें मर्म त्यांस पुरतें अवगत होतें. तरीहि कांटेरी पट्टा त्यांनीं टाकला नाहीं. उलट थॉर्नडाइक यांनीं १९३२ सालीं आपल्याच नियमाचा अर्धा भाग मागें घेतला. बक्षीस जितकें संवय दृढ करतें, तितकी शिक्षा ती शिथिल करीत नाहीं, असें त्यांना आढळलें. प्रस्तुत लेखकानें हें प्रथम वाचलें तेव्हां वर्गांत छडी चालविण्याचीं त्याचीं कित्येक वर्षें होऊन गेलीं होतीं. असो.

स्किनर यांचें श्रेय निराळें आहे. मुलांचें टिकटिक वाजणारें खेळणें घ्यावें, तो आवाज व खाऊ यांचा संबंध आधीं जोडावा, आणि मग कुत्र्याची हवी ती हालचाल घडतांच त्या क्षणीं तें वाजवावें, असें त्यांनीं १९५१ च्या एका लेखांत सामान्य वाचकांस समजावून दिलें. हात पोहोंचण्यापूर्वीं आवाज पोहोंचतो. घरोघर ही युक्ति करेन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकानंतर पसरली. हॅमंड यांच्या लेखनाला तेव्हां शंभर वर्षें होत आलीं होतीं.