काळे पाणी : चोरीच्या गुन्ह्याबद्दल

गुन्हेगारास समुद्रापार नेऊन सक्तमजुरीस लावण्याची शिक्षा. ब्रिटनमध्ये १७१८ च्या कायद्यान्वये किरकोळ चोरीबद्दलही सात वर्षांसाठी अमेरिकेतील वसाहतींत धाडता येई. पुढे १७८८ ते १८६८ या काळात सु. १,६०,००० बंदी ऑस्ट्रेलियात उतरविण्यात आले.

मुंबई इलाख्यात हीच कठोरता निराळ्या वाटेने आली. भारतीय दंडसंहितेत (१८६०, अंमल १८६२) साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होता, परंतु पूर्वी चोरीबद्दल दोषी ठरलेल्याने पुन्हा चोरी केल्यास कलम ७५ अन्वये आजन्म काळे पाणीही फर्मावता येई. चोरलेल्या वस्तूचे मोल त्यात गौण ठरे. पुणे जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागात, म्हणजे बारामती ज्यात मोडे तो भीमथडी तालुका आणि इंदापूर तालुका येथे, या तरतुदीचा धाक गावराखणीवर पोट न भरणाऱ्या रामोशी कुटुंबांस विशेष असणार. भीमथडीतील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ पडला. रामोश्यांच्या साहाय्याने १८७९ मध्ये बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके यांस आजन्म काळे पाणी झाले. त्यांना अंदमानाऐवजी एडनला नेले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच अखत्यारीत असल्याने समुद्र ओलांडूनही इलाखा सुटला नाही. तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते निवर्तले.

काळ्या पाण्याच्या जागी १९५६ पासून जन्मठेप आली. कलम ७५ मात्र टिकले. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्येही अशा पुनरपराध्यास जन्मठेप देता येते.