पन्हाळ्याचा अंबारखाना आणि आमची वीस पोती



भांगलण उरकली, पावसानं दोन दिवस उघडीप दिली. पुतण्या म्हणाला, "काका, गाडी मोकळी आहे, चला." कराडहून हायवे धरला, वाठारला आत वळलो आणि वारणानगर, कोडोलीवरून पन्हाळा गाठला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात आपल्या साताऱ्याचा प्रतापगड आहे, तसा पन्हाळाही आहे.

दोन्ही गडांचं नातं जुनं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला आणि अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा महाराजांच्या ताब्यात आला. पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. तो चार महिने हलला नाही. जुलैच्या भर पावसात महाराज रात्री निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली. हे शाळेत शिकलोय. पण चार महिने गडावरची माणसं खात काय होती, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्याचं उत्तर अंबारखान्यात मिळालं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्य कोठारं. गंगा सगळ्यात मोठी, २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. भात, नाचणी, वरी. जाड दगडी भिंती, वर घुमटाचं छत, त्या घुमटांना भोकं. बाहेरच्या पायऱ्यांनी वर चढायचं आणि भोकातून धान्य आत ओतायचं. पाण्याचीही अशीच काळजी. अंधारबाव तीन मजली, पाणी सगळ्यात खाली. विहीरच इमारतीत लपवलेली.

रामचंद्रपंत अमात्यांची समाधी याच गडावर आहे. त्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याआधी पाणी बघा असं आहे, आणि रयतेची आंबा-फणसाची झाडं जबरदस्तीनं तोडू नका असंही आहे. लढाईच्या बरोबरीनं शेताचा विचार होता.

पुढं १८४४ ला गडकऱ्यांनी बंड केलं. त्यांच्या इनाम जमिनी मामलेदारांकडं दिल्या, हे एक कारण. बंड मोडल्यावर इंग्रजांनी चार दरवाजा पाडून टाकला. कोठारं मात्र अजून उभी आहेत. आज पुरातत्त्व खातं ती राखतंय.

गंगा कोठीत उभं राहून आमची मालकीण म्हणाली, "अहो, यांनी डोंगरावर पावसात एवढं धान्य राखलं, आणि आपल्याला वीस पोती ठेवता येईनात?"

मी गप्प. गेल्या दिवाळीत सोयाबीन ओलं म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला. १२ टक्के ओलाव्याचा माल लागतो, आमचा जास्त भरला. वाळवायला खळं नाही, ठेवायला जागा नाही. मळणीयंत्रापासून थेट टेम्पोत. दोन महिने थांबायची ताकद असती तर निदान वाळवून तरी विकलं असतं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद. हवा नाही म्हणून कीड नाही. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी वारा लागू द्यायचा, कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही गुदमरणार. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. पन्हाळ्याला उंचावर दगडात साठवण, हरिपूरला मातीच्या पोटात. जागा बघून रीत, पण साठवण पाहिजेच.

आता दगडी कोठी कोण बांधणार? पण ताडपत्रीवर दोन-तीन उन्हं देणं, दाणा दाताखाली कडक वाजतोय का बघणं, हवाबंद पिशवी वापरणं, एवढं जमतंय. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजनाही आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजानं मिळतं. आपली समिती योजना चालवते का, ते काढणीआधीच विचारून ठेवा. मी विचारायला उशीर केला होता.

वेढा तेव्हा सिद्दीचा होता. आपल्याला वेढा असतो काढणीच्या पंधरवड्यात, पैशाच्या गरजेचा. ज्याच्याकडं कोठी, तो टिकतो.

तुमच्याकडं बळद, कणगी, पेव कुणी अजून वापरतंय का? असेल तर फोटो टाका. कृषीवाल्या मंडळींनी सोयाबीन साठवणीतलं माझं काही चुकलं असेल तर जरूर सांगा.