ओझोनचे छिद्र आणि पैशांचा प्रश्न : माँट्रियल कराराचा इतिहास

१/ निसर्गरक्षणासाठी विसाव्या शतकात अनेक आंतरराष्ट्रीय करार झाले; त्यांतील बरेचसे कागदावरच राहिले. १९८७चा माँट्रियल करार मात्र पाळला गेला. त्याचे श्रेय सहसा शास्त्रज्ञांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु केवळ विज्ञानाच्या बळावर हे साधले असते काय? #इतिहास #थ्रेड

२/ प्रारंभ शीतकपाटापासून. १९२०च्या दशकात त्यात अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायू वापरत. गळती झाल्यास घरातली माणसे दगावत. १९२८ मध्ये टॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पर्याय शोधला : क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी.

३/ १९३० मध्ये मिजलीने हा वायू सर्वांदेखत छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटही घेत नाही, हे एकाच कृतीत सिद्ध झाले. पुढे शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, फवारे, फोम अशा असंख्य वस्तूंत सीएफसी शिरला.

४/ त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे स्थिरता. तो कशाशीही सहजी संयोग पावत नाही. मग हवेत सोडलेला हा वायू जातो कुठे? १९७०च्या दशकाच्या आरंभी जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः घडवलेल्या अतिसंवेदनशील उपकरणाने भर समुद्रावरच्या हवेतही तो मोजून दाखवला. तो कुठेच जात नव्हता, साचत होता.

५/ जून १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी पुढचा दुवा जोडला. हा वायू स्थितांबरात पोचतो, तेथील अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. ओझोन विरळ झाला, तर त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू आणि पिकांची हानी अटळ.

६/ उद्योगांनी याला ‘सिद्ध न झालेला तर्क’ म्हटले. अमेरिकेने १९७८ मध्ये फवाऱ्यांतील बहुतेक सीएफसीवर बंदी घातली. पण इतर वापर चालूच राहिला. हवा होता तो प्रत्यक्ष मोजमापाचा पुरावा.

७/ हा पुरावा एका जुन्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातून आला. १९२०च्या दशकात गॉर्डन डॉब्सन यांनी ओझोन मोजण्याचे उपकरण तयार केले होते. त्यांनी जगभर पाठवलेल्या सुरुवातीच्या उपकरणांपैकी एक तमिळनाडूतील कोडाईकनालला आले. पुढे पुण्याच्या हवामान विभागात काम केलेल्या ॲना मणी यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात ओझोन मोजणारे भारतीय फुगा-उपकरणही घडले.

८/ अंटार्क्टिकातील हॅली बे या ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकापासून अशाच नोंदी चालू होत्या. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी त्या प्रसिद्ध केल्या. ऑक्टोबरमधील ओझोनचे प्रमाण सुमारे ३०० डॉब्सन एककांवरून २००च्या आसपास घसरले होते.

९/ सुझन सॉलोमन आदींनी त्याचे कारण मांडले आणि १९८७ मधील विमान-मोहिमेने क्लोरीनचा दोष पक्का केला. परंतु त्या मोहिमेचे निष्कर्ष हाती येण्याआधीच, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल येथे करार झाला : सीएफसीचा वापर टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणायचा.

१०/ खरी अडचण येथून पुढे. भारत आणि चीन या कराराबाहेर राहिले. भारताचा युक्तिवाद साधा होता : हवेतला बहुतांश सीएफसी श्रीमंत देशांनी सोडलेला आहे; आमच्याकडे शीतकपाट आता कुठे घराघरांत पोचू लागले आहे; मग महागड्या पर्यायाचा खर्च आम्ही का सोसावा?

११/ हा हट्ट नव्हता. पर्यायी रसायने पाश्चात्त्य कंपन्यांच्या हाती होती. दुसरीकडे, एवढी मोठी लोकसंख्या असलेले दोन देश बाहेर राहिले असते, तर इतरांनी केलेली कपात काही वर्षांत वाया गेली असती.

१२/ जून १९९०, लंडन. भारताच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी निधी आणि तंत्रज्ञान-हस्तांतरणाचा आग्रह धरला. तडजोड झाली. विकसनशील देशांचा जादा खर्च भागवण्यासाठी बहुपक्षीय निधी उभा राहिला : पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर आणि भारत-चीन आल्यास २४ कोटी. चीन १९९१ मध्ये आला, भारत १९९२ मध्ये.

१३/ हा पैसा दान म्हणून वाटला गेला नाही. कारखान्यातील यंत्रे बदलणे, तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणे, उत्पादन बंद करणाऱ्यांना भरपाई देणे, अशा मोजता येणाऱ्या कामांवर तो खर्च झाला. भारतातील सीएफसी उत्पादन १ ऑगस्ट २००८ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी थांबले. दम्याच्या औषधी फवाऱ्यांपुरती सवलत तेवढी राहिली.

१४/ कथा इतकी सरळही नाही. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला अपाय करत नाहीत. पण ते तीव्र हरितगृह वायू आहेत. त्यांच्या कपातीसाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती करावी लागली. २०१८ मध्ये तर बंदी असलेल्या सीएफसी-११चे उत्सर्जन पुन्हा वाढल्याचे उघड झाले. कोरिया व जपानमधील केंद्रांच्या नोंदींवरून त्याचा माग पूर्व चीनपर्यंत पोचला आणि त्यानंतर ते उत्सर्जन घटले.

१५/ आजचा अंदाज असा : सध्याची धोरणे टिकली, तर अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल. १९७४ मध्ये दिलेल्या इशाऱ्याचे फळ जवळपास शतकानंतर हाती लागेल.

१६/ सारांश : विज्ञानाने दोष दाखवला, तंत्रज्ञानाने पर्याय दिला, पण गरीब देशांना तो पर्याय परवडेल अशी तजवीज झाली, तेव्हाच करार खऱ्या अर्थाने जगाचा झाला. हवामानबदलाच्या परिषदांत आज ‘पैसा कोण देणार?’ यावर चर्चा अडते, तेव्हा तो प्रश्न दुय्यम मानू नये. १९९० मध्ये लंडनला त्याचे उत्तर मिळाले, म्हणून ओझोनचा थर वाचला.

(समाप्त)