कच्च्या राजेळीची परीक्षा

डोंबिवलीत केळ्याचे पिवळेधमक वेफर्स खोबरेल तेलात तळले जातात, ते नेंद्रन जातीच्या कच्च्या केळ्यांचे. केरळचं नेंद्रन म्हणजे आपल्या कोकणातलं राजेळी. 2014मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईची प्रसिद्ध सुकेळीही याच राजेळीची, पण पिकलेल्या. कच्चं केळं पोट बिघडल्यावर द्यायचं, हा घरगुती उपचार जुनाच. अन्न पचत असताना उठणाऱ्या पोटदुखीला ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात परिणामशूल असं नावही आहे. मात्र ‘अशा उपायानं जठराचा व्रण खरंच टळतो का?’ हे मोजून पाहण्याची रीत शंभर वर्षांचीही नाही.

तिचं मूळ फिलाडेल्फियात आहे. 1945 साली हॅरी शे आणि सहकाऱ्यांनी उपाशी उंदराच्या जठराचं खालचं तोंड दोऱ्यानं बांधलं. आम्लाला वाट राहिली नाही, ते साचलं आणि काही तासांत जठराला व्रण पडले. मग जठर उघडायचं, व्रण मोजायचे, आणि आधी औषध दिलेल्या उंदरांशी ताडून पाहायचे. पद्धत स्वस्त आणि सोपी, म्हणून जगभर पसरली. तिच्यात एक मेख आहे. हे व्रण उंदराच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात पडतात, आणि माणसाच्या जठराला तसा कप्पाच नाही.

याशिवाय व्रण पाडण्याच्या इतर रीतीही आल्या: अ‍ॅस्पिरिन देऊन, किंवा उंदराला जखडून ठेवून. सकाळच्या गच्च फास्ट लोकलनं रोज जाणाऱ्या डोंबिवलीकराला ही दुसरी रीत समजावून सांगायला नको. केळ्याची अशी परीक्षा भारतातही सुरू झाली. संशोधक सन्याल आणि सहकाऱ्यांचे केळं व जठरव्रणावरचे निबंध 1961 ते 1964 या वर्षांत छापून आले. त्यांतला 1963चा निबंध जखडलेल्या पांढऱ्या उंदरांवरचाच होता.

पुढचा प्रश्न होता, केळं करतं काय? 1984मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांना दिसलं, की प्लॅन्टेन जातीच्या कच्च्या केळ्याची वाळवलेली पूड उंदरांत अ‍ॅस्पिरिनचे व्रण टाळते आणि पडलेले भरूनही आणते. 1986मध्ये वाराणसीच्या गोएल, सन्याल प्रभृतींनी दाखवलं, की ही पूड जठराच्या अस्तराची सहनशक्ती वाढवते आणि नव्या पेशींच्या वाढीला चालना देते. व्रणावरच्या नेहमीच्या गोळ्या आम्ल आवरतात. केळं भिंत सावरतं. 1999मध्ये त्यातला हे संरक्षण देणारा ल्युकोसायनिडिन हा घटक ओळखला गेला.

मधल्या काळात व्रणाच्या कारणांची समजच बदलली होती. पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांना 1982मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. 2005चं नोबेल त्याबद्दलच. बहुतेक व्रणांमागे एक तर हा जंतू असतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. जंतूसाठी प्रतिजैविकंच लागतात. शेच्या दोऱ्याला आणि अ‍ॅस्पिरिन दिलेल्या उंदराला जंतूचा प्रश्न विचारलाच नव्हता.

म्हणून हिशेब मर्यादित ठेवावा. गुडघेदुखीसाठी रोज गोळ्या घेणाऱ्यांच्या व्रणाशी या प्रयोगांचं नातं जवळचं, पण पुरावा मुख्यतः उंदरांचा, आणि तोही कच्च्या, वाळवलेल्या गराचा. पिकलेल्या सुकेळीला किंवा तळलेल्या वेफर्सना तो लावता येत नाही. काळी शौच झाली, तर केळ्याची वाट न पाहता थेट डॉक्टर गाठावा.